पाचशेबारा सेंटिमीटर पाणी

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करत होता हो?" की मी "कॉम्प्युटरमध्ये" एवढं सांगून विषय बदलते. खरं उत्तर दिलं तर समोरचा माणूस पान सोडून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसेल. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला आकडा सांगताना त्याचा कुठला भाग आधी सांगायचा, हे बघणं हे माझं काम होतं. माझी सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली. ऐकणाऱ्याला वाटतं बाई चेष्टा करतेय. आमच्या कंपनीतल्या वरच्या लोकांनाही तसंच वाटायचं, आणि त्यांना तर पगार मिळत होता.

तर आधी ते समजावून सांगते, मग रडगाणं. आम्ही बेंगळुरूच्या बसवनगुडीचे, आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच. घरात आई मराठीत 'पंचवीस' म्हणायची, म्हणजे आधी पाच, मग वीस. दारावरची भाजीवाली कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' म्हणायची, म्हणजे आधी वीस, मग पाच. दोघींचा व्यवहार बिनबोभाट चालायचा, कारण समोरची कुठल्या क्रमाने बोलतेय हे दोघींना ठाऊक होतं. यंत्रांचंही असंच आहे. यंत्र आकडा ठेवतं खणांमध्ये. पहिल्या खणात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. त्याहून मोठा आकडा झाला की दुसरा खण लागतो, आणि त्या दुसऱ्या खणातला एक म्हणजे दोनशे छप्पन. आता हे दोन खण तारेवरून पाठवताना मोठा आधी की छोटा आधी? फार पूर्वी शहाण्या माणसांनी ठरवून टाकलं की तारेवर मोठा आधी. पण आजची बहुतेक यंत्रं पोटात छोटा आधी ठेवतात. म्हणून पाठवणाऱ्याने उलटून पाठवायचं आणि घेणाऱ्याने उलटून घ्यायचं. त्यासाठी तयार फंक्शनं असतात, एक ओळ लिहिली की काम होतं. ती ओळ न विसरणं, एवढीच काय ती या विद्येची थोरवी.

पण विसरतात. गंमत अशी की दोन्ही टोकांचे लोक विसरले तर सगळं सुरळीत चालतं. चोर चोर मावसभाऊ. एकच टोक विसरलं की तीन सेंटिमीटर पाणी असेल तर सातशे अडुसष्ट दिसतं. मला सवयीने असे आकडे तोंडावरून ओळखू यायचे. एकदा एका विणकामाच्या गिरणीत आमचं मोजणीचं यंत्र बसवलं होतं, ते एक मीटर कापडाला दोनशे छप्पन मीटर दाखवायला लागलं. मालकांचा फोन आला. मी म्हटलं, "उद्याच माणूस पाठवते." ते म्हणाले, "उद्या नको हो मॅडम. उद्या बँकेचे लोक गिरणी बघायला यायचेत. परवा पाठवा." असे गिऱ्हाईक भेटले की बरं वाटायचं. चूक आकड्यातली होती, हसून सोडून देण्यासारखी होती, कुणाचं काही गेलं नव्हतं. तपासणीवाल्या पोरांचीही एक खोड होती. ती यंत्र तपासायची ते शून्य पाठवून. शून्य उलटं केलं तरी शून्यच, त्यामुळे तपासणी कायम पास.

शेवटची काही वर्षं मी एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत होते. आम्ही पाण्याच्या टाक्यांची उंची मोजणारी यंत्रं बनवायचो. बेंगळुरूत राहणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगायला नको. उन्हाळ्यात इथे माणसं एकमेकांना 'जेवलात का' विचारण्याआधी 'टँकर आला का' विचारतात. टाकीत एक सेन्सर, त्याला जोडलेली पेटी, आणि खाली भिंतीवर आकडा दाखवणारं पॅनेल. पाणी पन्नास सेंटिमीटरच्या खाली गेलं की पॅनेल शिट्टी मारणार, पाणी आलं की शिट्टी आपोआप थांबणार. जुन्या पेट्यांचा प्रोग्रॅम माझ्या गटाने लिहिलेला. पुढे स्वस्तातल्या नव्या पेट्या आल्या, त्या दुसऱ्या गटाने घाईत केल्या, आणि ते लोक ती ओळ विसरले. नव्या पेट्या आकडा उलटा पाठवायला लागल्या. तोपर्यंत त्या गिऱ्हाइकांकडे लागल्याही होत्या.

आमचा मॅनेजर अनिकेत पुण्याचा. मुलगा वाईट नव्हता. पुण्याहून येताना सगळ्यांसाठी बाकरवडी आणायचा, माझ्या आईच्या आजारपणात दोनदा दवाखान्यात येऊन गेला. पण त्याला प्रत्येक गोष्ट सोमवारच्या डेमोच्या आत हवी असायची. त्याने पॅनेलमध्ये एक ओळ घातली: आकडा सहाशेहून मोठा आला तर उलटा करून दाखवायचा. सहाशेहून खोल टाकी आम्ही घेतच नव्हतो, तेव्हा मोठा आकडा म्हणजे नक्की उलटा आलेला आकडा, असा हिशेब.

मी म्हटलं, "अनिकेत, हा अंदाज झाला. चूक पेटीत आहे, तिथेच दुरुस्त कर."

"वसुधा मॅम, पेट्या फील्डमध्ये लागल्यात ना! प्रत्येक टाकीवर माणूस चढवणार का आपण? आणि वर्क होतंय की. जुनी पेटी लावा, नवी लावा, दोन्ही बरोबर दाखवतंय."

"उलटा झालेला आकडाच सहाशेच्या आत आला तर?"

"किती वेळा येणार?"

"येईल तेव्हा येईल."

"मग तेव्हा बघू ना," तो म्हणाला आणि हसला. त्या आठवड्यात आयुधपूजा होती. इथल्या रीतीप्रमाणे ऑफिसातल्या यंत्रांना हळदकुंकू लागलं, पॅनेलला झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं. त्या ओळीचीही पूजा झाली म्हणायची. मी मेल लिहून माझं म्हणणं कळवलं होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. टाकी भरताना मधूनच एखादा वेडावाकडा आकडा चमकून जायचा, तेव्हा आमचे लोक गिऱ्हाइकांना सांगायचे, सेन्सर हलला असेल.

आता विठ्ठलरावांकडे येते, कारण हे सगळं मी त्यांच्यासाठी लिहितेय. विठ्ठलराव राजाजीनगरचे, आमच्यासारखेच इथले जुने मराठी. एका डायलिसिस केंद्रात पंप चालवायला होते. डायलिसिसला पाणी किती लागतं याची ज्याच्या घरी हा प्रकार नाही त्याला कल्पना नसते. माणसाचं रक्त यंत्रातून फिरत असतं आणि पलीकडून शुद्ध पाणी सतत वाहत असतं. ते पाणी इमारतीखालच्या टाकीतून वर चढवायचं. जमिनीखालच्या टाकीला इथे 'संप' म्हणतात, महाराष्ट्रातल्या वाचकांनी दचकू नये. या केंद्राचा संप चांगलाच खोल होता. पूर्वी विठ्ठलराव झाकण उघडून त्यात काठी बुडवून पाणी बघायचे. आमची नवी पेटी आणि पॅनेल बसल्यावर झाकणाला कुलूप लागलं आणि किल्ली वर ऑफिसात गेली. स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच होतं.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी त्या केंद्रात पाणी बंद पडलं. यंत्रं ओरडायला लागली. नर्सबायांनी धावपळ करून प्रत्येकाचं रक्त परत चढवलं आणि सगळ्यांना अर्ध्यावर उठवलं. एका बाईंना ॲम्ब्युलन्समधून दुसरीकडे न्यावं लागलं. कुणी दगावलं नाही ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या व्यवस्थापकांनी आम्हाला बोलावलं, पॅनेल तपासून घ्यायला. मी आणि अनिकेत गेलो. तोवर टँकर येऊन संप भरला होता आणि पॅनेल बरोबर आकडा दाखवत होतं.

व्यवस्थापक म्हणाले, "मला वाटलंच होतं. हा माणूस डबा खाऊन झोपला. शिट्टी वाजलेली कळली नाही, आणि आता गोष्टी सांगतोय."

विठ्ठलराव पंपाच्या खोलीच्या दाराशी उभे होते. अंगावर खाकी शर्ट, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. मी मराठीत विचारल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल पडला.

"झोपलो नाही अक्का. आईची आण. शिट्टी वाजली, म्या टँकरवाल्याला फोन केलो. येतो म्हटला. मग स्वल्प वेळानं शिट्टी आपेआप बंद झाली. बघितलो तर पाचशेबारा. टँकर मागच्या गेटनं येतोय, मला इथनं दिसत नाही. आला असंल, सरी, बरं झालं म्हटलो. डबा उघडलो."

"पाचशेबारा? नक्की?"

"पाचशेबाराच की. म्हटलो, आज मोठा टँकर धाडलाय वाटतं."

मी तिथल्या तिथे मनात आकडा उलटून बघितला. दोन सेंटिमीटर पाणी, उलटं वाचलं की पाचशेबारा. दुसऱ्या खणातले दोन म्हणजे दोनदा दोनशे छप्पन. आणि पाचशेबारा हा आकडा सहाशेच्या आतला, म्हणून पॅनेलने तो उलटून घेतलाच नाही. पाणी दहावर होतं, पाचवर होतं, तोपर्यंत उलटे आकडे हजारांच्या घरात जात होते, पॅनेल ते सुलट करून शिट्टी मारत होतं. दोनवर आलं आणि पॅनेलला वाटलं टाकी भरली. पंपाचं तोंड सेन्सरच्या किंचित वर होतं, त्यामुळे संप आटल्यावरही सेन्सरपाशी तेवढं दोन बोटं पाणी राहिलंच. पंप कोरडा फिरत राहिला, आणि पॅनेलवर पाचशेबारा स्थिर उभं.

मी अनिकेतकडे बघितलं. त्याने डोळ्यांनीच 'इथे नको' असं सांगितलं. व्यवस्थापकांना तो म्हणाला, "आम्ही चेक करून रिपोर्ट देतो, सर."

ऑफिसात आल्यावर मी एक बादली घेतली, नवी पेटी आणि पॅनेल जोडलं आणि सेन्सर बादलीत सोडला. पाच सेंटिमीटर पाण्याला शिट्टी वाजली. मी तांब्याने पाणी काढत गेले. चार, तीन, शिट्टी चालूच. दोनवर आलं आणि शिट्टी थांबली. बादलीच्या तळाशी ओंजळभर पाणी आणि पॅनेलवर पाचशेबारा. अनिकेत शेजारी उभा होता. त्याने वाकून बादलीत बघितलं. मग म्हणाला, "ओके. हा एज केस आहे, लाखात एखादा."

"हा एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. ते खरं बोलतायत."

"मॅम, फिक्स आज रात्रीच्या आत टाकतो, प्रॉमिस. पण कस्टमरला इतकं डिटेल कशाला? पेशंट्सचा मामला आहे. उद्या कुणी केस टाकली तर? ते लोक आणखी सेंटर्स काढतायत, सगळीकडे आपलं पॅनेल लागणार आहे. तुम्हीच सांगा, शंभर लोकांच्या नोकऱ्या बघायच्या की एका?"

हे 'शंभर लोक' मी आयुष्यभर ऐकत आले. कुणा एकाचा गळा कापायचा असला की ते शंभर लोक कुठून तरी येऊन उभे राहतात. मी त्याच्या वरच्यांकडे गेले, त्यांच्याही वरच्यांकडे गेले. सगळे माझ्याशी अतिशय आदराने बोलले. चहा मागवला. एकांनी तर मला विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. दुरुस्ती झाली, प्रत्येक पेटीपाशी माणूस चढला, जे आधी अशक्य होतं ते पंधरवड्यात झालं. गिऱ्हाइकांना कळवताना त्याला 'किरकोळ सुधारणा' असं नाव दिलं. आणि डायलिसिस केंद्राला पत्र गेलं की पॅनेल तपासलं, ते व्यवस्थित काम करतं आहे. त्या दिवशी ते खरोखर व्यवस्थित काम करत होतं, त्यामुळे पत्रात खोटं एक अक्षरही नव्हतं.

मग मी एकटी केंद्रात गेले. व्यवस्थापकांना सगळं समजावलं, मोबाईलवर बादलीचं चित्रण दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्ही कंपनीच्या वतीने बोलताय की स्वतःच्या?"

"स्वतःच्या."

"मग कंपनीचं पत्र माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "आणि त्या माणसाने झोप लागल्याचं लिहून दिलंय. आम्ही त्याला नीट समजावलं, त्याने ऐकलं. विषय संपला." त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. समजावलं म्हणजे काय हे मला नंतर कळलं. लिहून दिलंस तर आमच्या दुसऱ्या केंद्रात लावून घेऊ, नाही दिलंस तर पोलिसात जाऊ, असं. विठ्ठलरावांनी सही केली आणि दुसऱ्या केंद्रात त्यांना कुणी लावून घेतलं नाही.

त्या कंपनीत मी पुढे फार काळ काढला नाही. निवृत्ती जवळच होती, ती थोडी अलीकडे ओढून घेतली. निरोपाला केक होता. अनिकेतने भाषणात सांगितलं की वसुधा मॅम फारच डिटेल-ओरिएंटेड आहेत, त्यांच्याकडून आम्ही खूप शिकलो. टाळ्या वाजल्या. माझ्या मनात आलं की तो केक त्याच्या तोंडावर फासावा. फासला नाही. मोठा तुकडा कापून घेतला आणि खाल्ला, आणि घरी येऊन रडले.

त्यानंतर एक काम राहिलं होतं. विठ्ठलरावांचं घर शोधत राजाजीनगरला गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन. त्यांच्या बायकोने साड्यांच्या फॉलचा ढीग बाजूला करून मला बसायला जागा केली. विठ्ठलराव आतून आले. कुठे कामावर नव्हते. केंद्रातून 'झोपतो' असं सांगितलं जायचं, मग दुसरीकडे पंपावर कोण ठेवणार? मधल्या काळात ते बरेच वाळले होते.

मी म्हटलं, "विठ्ठलअण्णा, मी तुम्हाला एक दाखवायला आलेय. तुम्ही झोपला नव्हता. चूक आमच्या यंत्राची होती. नोकरी परत मिळवून देणं माझ्या हातात नाही, मी फार खटपट केली. पण तुम्ही खरं बोललात हे निदान तुमच्या घरात तरी कळू दे."

मोबाईलवर चित्रण लावलं. बादली, तांब्या, शिट्टी, मग शांतता आणि पाचशेबारा. मी होईल तितक्या सोप्या शब्दांत सांगत होते. बायको शिवणाचं काम सोडून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नवऱ्याकडे वळून म्हटलं, "बघा की. म्हणजे तुम्ही खरंच..."

विठ्ठलरावांनी तिला हाताने थांबवलं. चित्रण पुन्हा एकदा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. मग मोबाईल माझ्या हातात अलगद परत दिला.

"झोपलो होतो अक्का."

"अहो, तुम्हीच मला सांगितलंत. शिट्टी थांबली, तुम्ही पाचशेबारा बघितलंत..."

"तेव्हा म्हटलो. मग साहेबांनी विचारले. हिच्या भावानं विचारलं. हिनं पण विचारलं, चारचौघांत विचारली. बसून बसून आठवत गेलो. ऊन होतं, डबा खाल्लो होतो. डोळा लागला असंल की. नाही तर एवढी शिकलेली माणसं कशाला म्हणतील? पाचशेबारा स्वप्नातच बघितलो असंन."

"पाचशेबारा कुणाच्या स्वप्नात येतं, अण्णा? तो आकडा तुम्ही मला सांगितला म्हणून तर मला चूक सापडली. हे बघा, मी देवाशप्पथ सांगते..."

"शपथ नका घेऊ," ते घाईने म्हणाले. उठून त्यांनी कोपऱ्यातला पंखा माझ्याकडे वळवला, बायकोला कॉफी टाकायला सांगितली. मग माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाले, "तुम्ही भल्या आहात अक्का. एवढ्या उन्हात माझं घर शोधत आलात. पण माझ्यासाठी खोटं बोलू नका."